खेकड्याच्या मातीतले सफाईवाले : प्रस्तावना

हर्मिट क्रॅब पाळणाऱ्याला एक पेच कधी ना कधी पडतोच. पेटीतली माती साफ ठेवायची असते आणि तिला हात लावायचा नसतो. जमिनीवर राहणारा हा शंखातला खेकडा कात टाकायची वेळ आली की मातीत खोल शिरतो. लहान असेल तर काही आठवडे आणि मोठा असेल तर दोन-तीन महिने तो वर दिसत नाही. आत तो स्वतःपुरती पोकळी करतो, जुनं कवच उतरवतो, मऊ अंगानं पडून राहतो. उतरवलेलं कवच तो खाऊन टाकतो, कारण त्यातलं कॅल्शियम त्याला नव्या कवचासाठी हवं असतं. ते टणक झालं की मगच तो बाहेर येतो. या दिवसांत कुणी माती उकरली आणि ती पोकळी ढासळली, तर खेकडा सहसा वाचत नाही. इकडे वर बाकीच्या खेकड्यांनी खोबऱ्याचा तुकडा ओढत नेऊन कोपऱ्यात पुरलेला असतो. केळ्याची साल काळी पडलेली असते, विष्ठा साचत असते. मुंबईच्या पावसाळी हवेत अशा तुकड्यावर दोन दिवसांत पांढरी बुरशी येते आणि चार दिवसांत पेटीला वास मारायला लागतो.

अशा वेळी बहुतेक घरांत पेटी रिकामी करून, माती फेकून, सगळं धुऊन पुन्हा मांडतात. दुकानातूनही तोच सल्ला मिळतो. माझं मत याच्या अगदी उलट आहे आणि ही पुस्तिका त्या मतासाठीच लिहिली आहे. ज्या मातीत माणसाचा हात जाता कामा नये, ती साफ करायला मातीतच राहणारा कुणीतरी हवा. ते काम आयसोपॉड करतात. त्यांच्याकडून काय होतं, काय होत नाही, त्यांतले कुठले घ्यावेत आणि लोअर परळसारख्या ठिकाणच्या घरात त्यांना कसं सांभाळावं, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. त्याआधी या दोन प्राण्यांची नीट ओळख व्हायला हवी.

पावसाळ्यात गच्चीतली किंवा गॅलरीतली कुंडी उचलली की खाली चपटे, करडे, पाठीवर पट्टेपट्टे असलेले बारीक जीव सैरावैरा पळतात. त्यांतले काही बोट लागताच अंग आवळून वाटाण्याएवढी गोळी होतात. हेच आयसोपॉड. आपण त्यांना सरसकट किडे म्हणतो, पण कीटकांना पायांच्या तीन जोड्या असतात आणि यांना सात. खेकडा, कोळंबी, शेवंड ज्या कवचधारी गटातले, त्याच गटातले हेही. जमिनीवर राहणाऱ्या आयसोपॉडच्या ३,७०० हून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदल्या आहेत. म्हणजे पेटीत हर्मिट क्रॅब आणि आयसोपॉड एकत्र ठेवतो तेव्हा आपण दूरचे दोन नातेवाईकच एका घरात आणतो.

लोअर परळच्या माणसाला हे नातं पाहायला फार लांब जावं लागत नाही. ओहोटीच्या वेळी वरळी सी फेसच्या किंवा हाजी अलीच्या खडकांवर उभं राहिलं की पावलाच्या चाहुलीनं शंभर-दोनशे करडे जीव एकदम भिंतीच्या फटींत पळताना दिसतात. लोक त्यांना समुद्री झुरळं समजून दूर होतात. पण ते लायजिया नावाचे आयसोपॉड आहेत. एखादा ओल्या दगडावर थबकला तर नीट पाहावा. लांब मिशा, मोठे काळे डोळे, बाजूला पसरलेले पाय आणि मागे दुभंगलेल्या दोन शेपट्या दिसतात. दगडावरचं शेवाळ आणि लाटांनी आणून टाकलेली घाण हेच त्यांचं अन्न. दोन पावलं खाली, खडकांतल्या डबक्यांत, बोटाच्या पेराएवढे शंख चालत असतात. ते समुद्री हर्मिट क्रॅब. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटानं २०१७ पासून ओहोटीच्या वेळी काढलेल्या किनारफेऱ्यांमुळे गिरगाव, हाजी अली, जुहू इथल्या डबक्यांत काय काय आहे, हे कितीतरी मुंबईकरांना पहिल्यांदाच कळलं. एक आयसोपॉड तर आपल्या मासळीबाजारातही येतो. हलव्याचा जबडा उघडला की कधी कधी आत जिभेपाशी पांढरट, जाड, घट्ट चिकटलेला एक जीव दिसतो. मासळीवाली अंगठ्यानं तो काढून टाकते आणि पुढचा मासा घेते. तो सायमोथोआ एरेमिटा, हलव्याच्या तोंडात राहणारा परजीवी. एकाच गटातला एक खडक साफ करतो, एक माशाच्या तोंडात राहतो आणि एक कुंडीखालची पानं खातो.

आयसोपॉड आणि हर्मिट क्रॅब या दोघांचेही पूर्वज समुद्रातले. दोघेही जमिनीवर आले, पण वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या वाटेनं. आयसोपॉडनं समुद्राशी संबंध जवळजवळ तोडला. मादीच्या पोटाखाली पाण्यानं भरलेली एक पिशवी असते, अंडी त्यातच वाढतात आणि पिल्लं तिथूनच बाहेर पडतात. जन्मतः त्यांना पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी नंतर फुटते. हर्मिट क्रॅबला तो संबंध तोडता आलेला नाही. मोठा झाल्यावर तो आयुष्यभर जमिनीवर राहतो, शंखात थोडं पाणी घेऊन हिंडतो, पण मादीला अंडी सोडायला लाटांपर्यंत जावंच लागतं. पिल्लं काही आठवडे समुद्रात तरंगतात, मग एखादा बारीक शंख शोधून किनाऱ्यावर चढतात. म्हणूनच पेटीत आयसोपॉडची पिढ्यान्‌पिढ्या पैदास होते, तर हर्मिट क्रॅबची होत नाही. बंदिस्त जागेत त्यांची पिल्लं वाढवणं जगात फार थोड्यांना साधलं आहे. बाजारात विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक हर्मिट क्रॅब कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. ही गोष्ट या पुस्तिकेच्या मुळाशी आहे, आणि पुढे ती पुन्हा येईल.

आता सफाईचं काम कसं होतं ते पाहू. आयसोपॉड सडकी पानं, कुजलेलं लाकूड, बुरशी, उरलेलं अन्न, खेकड्याची विष्ठा, मेलेला किडा, असं सगळं खातात. मात्र खाल्लेलं त्यांच्या पोटात पूर्ण जिरत नाही. बारीक चौकोनी लेंड्यांच्या रूपात ते मातीत पडतं आणि तिथे बुरशी आणि जिवाणू त्यावर कामाला लागतात. मग आयसोपॉड त्याच लेंड्या पुन्हा खातात, कारण जिवाणूंनी अर्धवट पचवलेल्या अन्नातून त्यांना जास्त मिळतं. असे दोन-तीन फेरे झाले की केळ्याच्या सालीची माती होते. एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. हे जीव लघवी करत नाहीत. शरीरातला नको असलेला नायट्रोजन ते अमोनिया वायूच्या रूपात अंगातूनच बाहेर सोडतात. पाठीचं कवचही ते एकदम टाकत नाहीत. आधी मागचा अर्धा भाग उतरतो, एक-दोन दिवसांनी पुढचा. त्यामुळे पेटीत एखादा आयसोपॉड पुढून पांढुरका आणि मागून गडद दिसला तर तो आजारी नाही, कात टाकतोय. अंग निळंजांभळं चमकायला लागलं तर मात्र तो विषाणूचा आजार असतो. असा आयसोपॉड ताबडतोब वेगळा काढावा.

या सफाईत आयसोपॉडचे जोडीदार म्हणजे स्प्रिंगटेल. एक-दोन मिलिमीटरचे, पांढरे, फुंकर घातली की उडी मारणारे. ओलसर कुंडीत, कुजलेल्या पानांच्या थरात ते भरपूर सापडतात. त्यांचं मुख्य खाणं बुरशी. खेकड्याला त्यांच्यापासून कसलाच धोका नाही. म्हणून माझा सल्ला असतो की आधी स्प्रिंगटेल, मग आयसोपॉड आणि सगळ्यात शेवटी खेकडा. पेटी मांडल्यावर महिना-दीड महिना हे बारीक जीव मातीत स्थिरावू द्यावेत. त्यानंतर आलेल्या खेकड्याला आधीपासूनच चालू असलेली माती मिळते.

लोअर परळसाठी वेगळं लिहायचं कारण इथली हवा आणि इथली घरं. हर्मिट क्रॅबच्या कल्ल्यांना सतत ओलावा लागतो. पेटीतली आर्द्रता ७५ ते ८५ टक्के असावी आणि तापमान साधारण २४ ते २९ अंश. परदेशातले लोक यासाठी हीटर लावतात, फवारे बसवतात. मुंबईत वर्षातले कितीतरी महिने ही हवा आपोआपच मिळते. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे खिडकी उघडी, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर, वर पंखा. अशा खोलीत झाकण लावलेली काचेची पेटी पावसाळ्यात काही न करताही ओली राहायची. आता त्या ३२ चाळींच्या जागी टॉवर होत आहेत. गिरण्यांच्या आवारात कमला मिल, फिनिक्स, मथुरादास झाल्यावर आसपास उंच इमारती उभ्या राहिल्या आणि घराघरांत एसी आला. रात्रभर एसी चालतो त्या खोलीतली हवा इतकी कोरडी होते की जाळीचं झाकण असलेल्या पेटीत खेकडा हळूहळू गुदमरतो आणि आयसोपॉड मातीत खोल जाऊन बसतात. ते वर दिसेनासे झाले की पेटी सुकायला लागली, असं समजावं. एसीच्या खोलीत झाकण काचेचं किंवा अ‍ॅक्रिलिकचं हवं आणि आत आर्द्रतामापक हवाच. खोलीतल्या हवेवरून अंदाज बांधू नये.

मुंबईकर पाळणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीला जपावं, ती म्हणजे डासांची औषधं. जुलै-ऑगस्टमध्ये महापालिकेचे कर्मचारी मशीन घेऊन गल्लीत धूर सोडतात, आणि डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत ते आवश्यकही असतं. घरात डासांची अगरबत्ती असते, प्लगला लिक्विड असतं. यांतल्या बहुतेकांत पायरेथ्रॉइड गटातलं विष असतं. ते डासाला मारतं, तसंच कवचधारी जिवांनाही मारतं. आयसोपॉड आणि खेकडा दोघेही त्याला बळी पडतात. धुराच्या दिवशी खिडक्या लावाव्यात, झाकणावर ओलं कापड घालावं, आणि जिथे पेटी आहे त्या खोलीत डासांसाठी फक्त मच्छरदाणी वापरावी. झुरळांची पेस्ट आणि मुंग्यांची पावडरही पेटीच्या टेबलापासून दूर ठेवावी. पेटीतले आयसोपॉड एका दिवसात भराभर मेले, तर आधी घरात कुठली फवारणी झाली याचा शोध घ्यावा, अन्नाला दोष नंतर द्यावा.

मातीचं साहित्य इथल्या बाजारात सहज मिळतं. धुतलेली बारीक वाळू पाच भाग, नर्सरीत विटेसारखं दाबून मिळणारं कोकोपीट एक भाग. ओल इतकी असावी की मिश्रण मुठीत दाबलं तर लाडवासारखं राहील आणि बोटांतून पाणी ठिबकणार नाही. थराची उंची किमान सहा इंच असावी. मोठा खेकडा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट. केवळ वाळूत आयसोपॉड जगत नाहीत. पेटीचा एक कोपरा त्यांच्यासाठी राखून ठेवावा आणि तिथे सुकी पानं, सालीचे तुकडे, थोडं कुजकं लाकूड पसरावं. देशी बदामाची पानं यासाठी उत्तम. मुंबईच्या रस्त्यांवर ही झाडं जागोजागी आहेत आणि लाल होऊन गळलेली पानं हवी तेवढी मिळतात. गाड्यांच्या धुरातली पानं मात्र आधी धुऊन, उकळत्या पाण्यात बुडवून, वाळवून वापरावीत. पेरू, जांभूळ, पिंपळ यांची पानंही चालतात. कॅल्शियमसाठी समुद्रफेस ठेवावा. माकुळाच्या अंगातली ही पांढरी पाठ काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. खेकडा तिच्यावर ओरखडे काढतो, आयसोपॉड खालून कुरतडतात. जेवणासाठी ओलं खोबरं, मीठ न लावलेला सुका जवळा, गाजर, पिकलेलं फळ. खारवलेली सुकी मासळी मात्र देऊ नये.

पाण्याच्या दोन वाट्या लागतात, एक गोड्या पाण्याची आणि एक खाऱ्या पाण्याची. नळाला येणारं पाणी सात तलावांचं, आणि त्यात क्लोरीन असतंच. ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावं किंवा मत्स्यालयाच्या दुकानातलं क्लोरीन काढणारं औषध घालावं. खाऱ्या वाटीसाठी स्वयंपाकातलं आयोडीनवालं मीठ चालत नाही, मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ हवं. वरळीच्या समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणायचा मोह आवरावा, कारण शहराचं सांडपाणी त्याच समुद्रात जातं. दोन्ही वाट्यांत गारगोट्या घालाव्यात. खेकड्याला चढायला त्या उपयोगी पडतातच, आणि त्या नसतील तर रोज सकाळी वाटीत बुडालेले आयसोपॉड दिसतील.

कुठले आयसोपॉड घ्यावेत, यावर पाळणाऱ्यांत खूप वाद आहेत. मी त्यात कुठल्या बाजूला आहे, ते स्पष्ट सांगतो. हर्मिट क्रॅबच्या पेटीत लहान जातीच घ्याव्यात. 'ड्वार्फ व्हाइट' या नावानं मिळणारी ट्रायकोऱ्हिना टोमेंटोसा ही जात जेमतेम चार मिलिमीटरची, पांढरी, ओलाव्याची शौकीन आणि मातीच्या आतच राहणारी. तिच्यात माद्या नराशिवाय पिल्लं देतात, त्यामुळे थोडक्यांपासूनही वसाहत उभी राहते. 'पावडर ब्लू' म्हणून विकली जाणारी पोर्सेलिओनायडीस प्रुइनोसस ही दुसरी जात. जगभर माणसाच्या वस्तीभोवती, शेणखताच्या ढिगात ती आढळते. चपळ आहे, झपाट्यानं वाढते, पृष्ठभागावरचं उरलेलं अन्न लवकर संपवते. मात्र खेकड्यांना पुरेसं अन्न मिळतंय, याकडे तिच्या बाबतीत जास्त लक्ष ठेवावं लागतं. पोर्सेलिओ लीव्हिस आणि पोर्सेलिओ स्केबर या मोठ्या जाती मी या पेटीत मुळीच ठेवू देणार नाही. त्यांना प्रथिनांची भूक फार असते. गर्दी वाढली, पानं संपली, जवळा मिळाला नाही, की समोर मऊ अंगाचं जे सापडेल त्याला ते तोंड लावतात. नुकतीच कात टाकलेल्या खेकड्यासारखं मऊ अंग पेटीत दुसऱ्या कुणाचं नसतं. गोळी होणारे आर्मडिलिडियम दिसायला देखणे, पण त्यांना एवढी ओल मानवत नाही. रंगीबेरंगी, महागडे आयसोपॉड हौसेनं पाळायचे असतील तर त्यांच्यासाठी वेगळा डबा करावा.

एक नियम कधी मोडू नये. आयसोपॉडना पानं कमी पडू द्यायची नाहीत. भुकेला सफाईवाला धोक्याचा असतो, पोट भरलेला नसतो. दर आठवड्याला पानांच्या कोपऱ्यात हात न घालता वरून पाहावं. जाळी जाळीच उरली असेल तर नवी पानं टाकावीत. संख्या फार वाढली असं वाटलं, म्हणजे दिवसाउजेडीही ते टोळीनं वर फिरताना दिसले, तर रात्री बटाट्याची किंवा काकडीची एक जाड फोड मातीवर ठेवावी आणि सकाळी तिच्यासकट खाली जमलेले उचलून दुसऱ्या डब्यात टाकावेत. खेकडा मातीवरच कात टाकून पडला असेल तर त्याच्यावर भोकं पाडलेली प्लॅस्टिकची वाटी पालथी घालून तिच्या कडा मातीत दाबाव्यात. उतरवलेलं कवच त्याच्याजवळच आत राहू द्यावं. ते आयसोपॉडना मिळालं तर तेही ते संपवतील, आणि खेकड्याचं नुकसान होईल.

या जिवांकडून जे होत नाही, तेही स्वच्छ सांगायला हवं. वाटीतलं पाणी ते बदलत नाहीत. काचेवरचे डाग पुसत नाहीत. फळाच्या सालीवरचं कीटकनाशक त्यांना काढता येत नाही, उलट त्यानं तेच आधी मरतात. वाळू सुकली तर ती ओली करणं तुमचंच काम. गणपतीला कोकणात गावी जाणाऱ्या घरांना मी आवर्जून सांगतो. दहा दिवस आयसोपॉड उरलेलं अन्न संपवतील, बुरशीही आवरतील, पण गोडं आणि खारं पाणी बदलायला, आर्द्रता पाहायला शेजारच्या कुणाला तरी चावी देऊन जा. आणखी एक. एखादा खेकडा मातीत मेला तर आयसोपॉड त्याचंही काम करतात, वासही फारसा येऊ देत नाहीत. म्हणून खेकडा शेवटचा कधी दिसला याची नोंद एका वहीत ठेवा. सफाई इतकी चांगली होते की नुसत्या नाकावर विसंबून चालत नाही.

सुट्टीत वरळी किंवा गिरगावच्या किनाऱ्यावरून मुलं बाटलीत भरून हर्मिट क्रॅब घरी आणतात. ते समुद्री खेकडे आहेत. ओहोटीच्या डबक्यांत, खाऱ्या पाण्यात त्यांचं आयुष्य जातं. मातीच्या पेटीत ते फार टिकत नाहीत आणि आयसोपॉडचाही तिथे काही उपयोग नाही. ही पुस्तिका त्यांच्यासाठी नाही. मुलांना ते दाखवायचे असतील तर डबक्यापाशीच बसून दाखवावेत. पेटीतले खेकडे सीनोबिटा या वेगळ्या वंशाचे, भारतात अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवर भरपूर असणारे. नीट सांभाळले तर ते ३० वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणं आहेत. रंगवलेल्या शंखात कोंबून, खेळणं म्हणून विकलेले खेकडे मात्र काही महिन्यांत मरतात. म्हणून नवा खेकडा विकत घेण्यापेक्षा कुणी कंटाळून टाकलेला, दुकानात मरणपंथाला लागलेला, मुलाच्या वाढदिवसाला आलेला आणि आता नकोसा झालेला खेकडा सांभाळावा. मला तीच एक वाट न्याय्य वाटते.

शंखांचंही तेच. खेकडा वाढतो तसा त्याला मोठा शंख लागतो, आणि किनाऱ्यावरचे रिकामे शंख आपण गोळा केले तर तिथल्या खेकड्यांना घर उरत नाही. हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर आणि पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर प्लॅस्टिकच्या बाटल्यांत अडकून सुमारे ५ लाख ७० हजार हर्मिट क्रॅब मेले असावेत, असा अंदाज २०१९ साली शास्त्रज्ञांनी मांडला. शंखाच्या शोधात ते बाटलीत शिरले आणि त्यांना बाहेर पडता आलं नाही. मुंबईत पर्याय आपल्या दारातच आहे. पावसाळ्यात बागांत, भिंतींवर चढणाऱ्या आफ्रिकन गोगलगायींचे रिकामे शंख मिळतात. काही जातींचे खेकडे ते खुशीनं वापरतात. हातमोजे घालून उचलावेत, चांगले उकळावेत, आणि जिथे गोगलगायींसाठी औषध टाकलं असेल तिथले घेऊ नयेत.

या गोगलगायीची कथा आयसोपॉड पाळणाऱ्यानं लक्षात ठेवावी. विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकानं १८४७ साली मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्यात सोडल्या गेल्या. आज त्या भारतभर शेतं आणि बागा खातात. परदेशी आयसोपॉडही कुंडीत, बागेत, इमारतीच्या आवारात सोडू नका. माती बदलायचीच वेळ आली तर जुनी माती दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा किंवा उकळत्या पाण्यानं भिजवा, मगच टाका. खेकडा नकोसा झाला तर त्याला वरळीच्या किनाऱ्यावर सोडून देऊ नका. तिथे तो जगणार नाही. तो ज्या घरात सांभाळला जाईल असं एखादं घर शोधा, आणि खेकड्याबरोबर त्याची माती, पानं आणि त्यातले आयसोपॉडही त्या घराला द्या.